पाव गोळी

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं क्षमा, तू होय! नाही, धापा नाही टाकत. दोन जिने उतरून आले ना. कमलवहिनींनी खालून हाक मारली, "सुलक्षणा, घाटकोपरहून बहिणीचा फोन!" तशीच धावले. गॅस बंद केला की नाही देव जाणे... केला, केला. आठवलं.

हो, घरीच आहे. रजा टाकलीय ऑफिसात, पंधरा दिवसांची... अगं, विशेष काही नाही. तू सांग. उत्तरा कशी आहे?... दूध पिते नीट?... आणि ते डोक्यावरचं टेंगूळ?... पूर्ण गेलं? नक्की ना? हात फिरवून बघितलंस?... बरं. बरं झालं बाई.

मग तुझा आवाज असा का?... क्षमा, रडतेयस का तू?

कोण चाललंय?... तुझ्या सासूबाई? गावी?... चार दिवस जातील, येतील, त्यात रडायला काय...

कायमच्या?

कायमच्या म्हणजे काय?... उद्या सकाळच्या एस.टी.ने. कणकवलीला... न्यायला कोण आलंय?... गुणाजी म्हणजे त्यांचा भाऊ ना?... हो, हो, बारशाला नव्हता आला तो. मग चंद्रप्रकाश काय म्हणतात?... "जाऊ दे तिला, तिकडे बरं वाटेल"? आईला असं म्हणाले?... तिच्यासमोर?

आणि सासूबाई बाळाला घेतच नाहीत?... तीन आठवडे झाले की गं बारशाला. एकदाही नाही?... पाळण्याला दोरी बांधून लांबून ओढतात... अगं बाई.

नाही, ऐकतेय. आहे मी. बोल तू.

क्षमा, एक मिनिट. ऐक ना. मला तुला एक... अगं ऐक ना... नाही, माझ्या तब्येतीचं नंतर विचार... बरं बाई, तेच सांगते. तिथूनच सुरू करायला हवं तसंही.

थांब हं. — वहिनी, नको हो चहा... नाही, खरंच नको. आत्ताच झाला. — चहाचं विचारत होत्या. हो, समोरच बसल्या होत्या, आता आत गेल्या. मी हळू बोलते, तू कान लावून ऐक.

काल डॉक्टरांकडे गेले होते. ज्यांनी डिसेंबरात ऑपरेशन केलं ते... हो, पुन्हा काय म्हणजे, पुन्हा नाहीच. पहिल्यांदाच गेले. फेब्रुवारीत बोलावलं होतं त्यांनी, मी गेलेच नाही... हो. तुला सांगितलं होतं, जाऊन आले, सगळं ठीक आहे म्हणाले. ते खोटं होतं.

अगं, ऐक तर. गळ्यातली थायरॉइड काढली ना माझी. नुसती गाठ नाही, अख्खी ग्रंथीच काढली. मग ती रक्तात जे काही सोडत असते ते आता आपण गोळीतून घ्यायचं. रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवात एका गोळीने करू. दोन महिन्यांनी परळला जाऊन रक्त द्या, रिपोर्ट घेऊन या, मग कमीजास्त करू. प्रत्येक बाईचं माप वेगळं म्हणाले, ब्लाउजसारखं... हो, डॉक्टरच म्हणाले असं. शिंप्याकडे दोनदा जावंच लागतं म्हणाले.

पण त्या एका गोळीवर माझं काय झालं होतं, तू बघितलंस ना?... सुजलेली. केस नुसते गळायचे. मुंबईत मी स्वेटर घालून बसायची. टाइपरायटरवर बोटं ठेवली की ती उचलायलासुद्धा कुणीतरी हवं, अशी गत. एकदा साहेबांचं पत्र मशीनवर चढवलं आणि तिथेच डोकं ठेवून झोपले. खरंच झोपले गं! उठले तर गालावर बटणांचे गोल गोल उमटलेले. सगळा सेक्शन हसला... हस, तूही हस. मीसुद्धा हसले होते तेव्हा. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्याचीच लाज वाटली मला. परळला जायचं तर अर्ध्या दिवसाची रजा मागायची. साहेब आधीच म्हणत होते, "बाई, झोपायला मशीन, उठायला रजा." कोण मागणार?... ह्यांना? ह्यांनाही नाही सांगितलं. मीच ठरवलं आपल्या मनाने. एका गोळीची दीड केली. मग दोन.

अगं, दोनवर काय सांगू! सूज उतरली. टायपिंग असं कडकड. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पितळेची सगळी भांडी घासून मोकळी. शेजारणी म्हणायला लागल्या, सुलक्षणा, ऑपरेशन चांगलं मानवलं हो तुला. आणि मी म्हणायची, हो ना. मग तीन.

तीन, तीन. दिवसाला तीन... केमिस्ट देतो. चिठ्ठी दाखवली की झालं, बाई घरी जाऊन एक खाते की मूठभर, त्याला काय... हो. दीड महिना.

होतंय ना, होणारच. छाती धडधडायला लागली. जेवून उठलं की परत भूक, तरी वजन उतरतंच आहे. घाम. झोप नाही. आमटीत मीठ जास्त म्हणाले म्हणून ह्यांच्यासमोरचं ताट उचलून मोरीत ओतलं मी एकदा... नाही सांगितलं ह्यांनी तुला? नाही, ते कुणाला सांगायचे नाहीत. आणि हात. हात कापायचे माझे. बशीत कप असा वाजायचा. म्हणून लोकांकडे चहा घेणंच बंद केलं.

मार्चअखेरपासून.

हो, बारशालाही. बारशालाही कापत होते, क्षमा. तेच तर मी...

हॅलो?... कोण?... नाही हो, ही कुठलीच कंपनी नाही. घर आहे हे... अहो, आमचं बोलणं चाललंय, तुम्ही मध्ये आलात! क्षमा, तू आहेस ना?... ठेवा तुम्ही फोन. काय?... काय म्हणालात? "मग बारशाला काय झालं"? ऐकत होतात तुम्ही इतका वेळ?... लाज नाही वाटत? ठेवा!

गेला?... गेला वाटतं. मेल्याला लाज नाही म्हणे. कोण म्हणतंय बघ.

नाही, काही नाही. क्षमा, आता मध्ये बोलू नकोस. एकदा थांबले तर पुन्हा जमायचं नाही मला.

पाळण्याखालून बाळ द्यायचं होतं. आठवतं ना? ह्या बाजूला मी, पलीकडे तुझ्या सासूबाई. तू पाटावर. बायका गात होत्या. मी वाकले, बाळ माझ्या दोन्ही हातांवर होतं. त्यांनी पलीकडून हात पुढे केले. बरोबर केले होते, क्षमा. जिथे करायला हवे तिथे. पण बाळाला अजून लागले नव्हते ते. आणि माझा उजवा हात असा... उडाला. आपोआप. आणि उत्तरा सुटली.

त्यांच्या हातून नाही. त्यांच्या हातात गेलीच नव्हती ती.

हॅलो?

क्षमा?... आहेस ना?

हो. हो, ओरडले. "अहो, धरलं का नाहीत, दिसत नाही का तुम्हाला!" शब्द न् शब्द आठवतो. बाळ गादीवर पडलेलं, पाळण्याचा दांडा लागलेला डोक्याला. ते अजून रडलंही नव्हतं आणि मी हे बोलून मोकळी झाले होते. बाळाला उचलायच्या आधी बोलले मी ते.

आणि सगळ्यांना पटलं लगेच. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तो जाड चष्मा. कुणी एका शब्दाने विचारलं नाही की बाई, नक्की झालं काय. तुमच्या शेजारच्या द्रौपदीबाई तर म्हणाल्यासुद्धा, "म्हातारीच्या हातात द्यायचंच कशाला." मी ऐकलं ते. त्यांनीही ऐकलं. पदर तोंडाला लावून त्या भिंतीकडे जाऊन बसल्या, आणि मी गप्प उभी.

तुझी कसली चूक? तू बाळंतीण बाई, तू उठून पोरीला छातीशी धरलंस. कुणीही धरलं असतं... "परत हात लावू नका" म्हणालीस? त्यांना?... हे मला माहीत नव्हतं. तरी तुझी नाही. मी बोलले म्हणून तू बोललीस.

नाही. ते म्हणू नकोस. अजिबात म्हणू नकोस. काल हेही तेच म्हणाले, औषधाचा परिणाम, तुझा काय दोष. हात गोळीने कापला, क्षमा. जीभ नाही कापली. जीभ अगदी सरळ चालली.

का म्हणजे?... खरं सांगू? सांगते.

आई असती तर तुझं बाळंतपण माहेरी मुलुंडला झालं असतं. आई नाही, म्हणजे मी. मी करायला हवं होतं. आणि मी बसले होते माझं गळ्याचं दुखणं घेऊन. डिंकाचे लाडू तुझ्या सासूबाईंनी वळले, शेकशेगडी त्यांनी केली, तुझं डोकं त्यांनी बांधलं. तूही आपली सारखी, "आई, हे द्या ना, आई, ते बघा ना." मी दारात आले तर कुणीतरी म्हणालं, "या, मावशी आल्या पाहुण्यासारख्या." लागलं मला ते... मुद्दाम नाही गं केलं, उत्तराची शपथ. पण तोंडातून जे गेलं ते पोटात कुठेतरी होतंच ना? नसतं तर दुसरं काहीतरी गेलं असतं. "अगं बाई" गेलं असतं.

तीन आठवडे काय करत होते?... रोज म्हणायची, आज सांगते. तीनदा खाली आले इथे. वहिनींच्या फोनच्या डायलला कुलूप असतं ना. किल्ली मागायची म्हणजे वहिनी विचारणार, कुणाला, एवढं काय अर्जंट. तेवढं निमित्त पुरलं मला. मुकाट वर गेले परत.

काल? काल मी सांगायला म्हणून नाही गेले डॉक्टरकडे. ऑफिसात चक्कर येऊन पडले, तिथल्यांनी ह्यांना बोलावलं, ह्यांनी रिक्षात घालून नेलं. नाडी एकशेतीस. डॉक्टरांनी विचारलं, किती गोळ्या घेता? मी म्हटलं, एक... हो ना, तिथेही. परत विचारलं. म्हटलं, दीड. मग दोन्ही हात समोर धरा म्हणाले, बोटं पसरून. आणि वर एक कोरा कागद ठेवला. तो कागद असा फडफडायला लागला, पंख्याखाली ठेवल्यासारखा. हे बघत होते, नर्स बघत होती. मग म्हटलं, तीन.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "बाई, एक तुम्हाला कमीच पडत होती, ते तुमचं खरं होतं. फेब्रुवारीत आला असतात तर मीच वाढवून दिली असती. पाव गोळी."

पाव गं. पाव!

आता काय, दहा दिवस गोळी पूर्ण बंद. मग परत एकपासून. सहा आठवड्यांनी परळला रक्त, मग लागलं तर पाव वाढवायची, परत रक्त. लगेच नाही उतरणार म्हणाले, अंगात साठलेलं असतं ते. धडधडीची वेगळी गोळी दिलीय. डबी ह्यांच्याकडे, आज सकाळी माझ्या हातावर मोजून ठेवली, लहान मुलीला देतात तशी. 

क्षमा... त्या घरात आहेत ना?... पिशवी भरतायत. बोलाव त्यांना... नाही, तू नको सांगूस. तू सांगितलंस तर तू मला सांभाळून घेशील. मला माहीत आहेस तू. मी सांगते... हो, आत्ताच. उद्या गाडी आहे ना त्यांची? मग कधी सांगू? दे. दे ना गं.

...

विहीणबाई? नमस्कार करते. सुलक्षणा बोलतेय... हो, बरी आहे... नाही, गळ्याचं बरं आहे हो, माझी चौकशी नका करू तुम्ही आधी. तुम्ही बसलात का?... बसा ना. स्टूल असेल तिथे.

विहीणबाई, बारशाच्या दिवशी बाळ तुमच्या हातून नाही पडलं. माझ्या हातून पडलं. तुम्ही धरायच्या आधीच सुटलं ते. मला ठाऊक होतं. मी खोटं बोलले.

...

विहीणबाई?

काय म्हणालात?... "माकाच वाटला"... म्हणजे तुम्हाला स्वतःलाच वाटलं? तुमच्या हातून सुटलं असं?... पण तुम्ही तर... हो. हो, मी एवढ्या खात्रीने बोलले म्हणून.

तांदूळ निवडायलाही बसत नाही तेव्हापासून... गॅसपाशी जात नाही... रोज आठवून बघता, हात कुठे होता, कुठे होता. अहो, बरोबर होता! तुमचा हात बरोबर जागी होता. मी बघितला ना. बघणारी मी एकटीच होते तिथे, आणि मीच...

नाही, रडत नाही... हो. रडतेय.

माफ करा म्हणायला तोंड नाही मला... बरं. नाही म्हणत.

नाही, ऐकतेय. सांगा.

रविवारी... चार वाजता. येते. कोण कोण?... त्याच सगळ्या? द्रौपदीबाईपण?... हो. बरोबर आहे तुमचं. चारचौघींत बोलले होते, चारचौघींतच... नाही, नाही म्हणत नाही मी. फक्त तोंड... नाही. येते म्हटलं ना. येते.

एकटीच?... ह्यांना नको आणू. बरं... हो, कळतंय. नवरा शेजारी बसला की बायका त्याच्याकडे बघून गप्प बसतात.

काय?... हो, ते सांगायचं होतंच मला. ऑपरेशननंतर गोळी असते, ती मी माझ्या मनाने वाढवली, त्याने हात... हो... हो. कळलं. आधी बाळ कसं पडलं ते सांगायचं. मग मी काय बोलले ते. गोळी सगळ्यात शेवटी... खरंय. गोळी आधी सांगितली की लोक गोळीच ऐकतात.

मग उद्याची गाडी?... नाही जात? बरं. आणि रविवारनंतर?... नाही, विचारलं नुसतं. तुमचं तुम्ही ठरवायचं, मी कोण सांगणारी.

हो, जेवतेय. भूक लागतेच फार... नाही हो, लाडूबिडू काही नको मला. खरंच नको. तुम्ही असं काही बोलू नका आत्ता.

क्षमाला देता जरा?... आत गेली?... हाक मारून बघा ना एकदा.

नाही म्हणतेय... बरं. असू दे... नाही, नका तिची समजूत घालू माझ्यासाठी. रागावू दे. तिने रागवायलाच हवं. मीच इतका वेळ तिला म्हणत होते, तुझी चूक नाही, तुझी चूक नाही. आता कळलं असेल तिला.

हो. रविवारी. चार वाजता... नाही, उशीर नाही करणार... विहीणबाई, फोन तुम्ही ठेवा. नाही, तुम्हीच आधी ठेवा. मला नाही ठेववत.